पाचवं वर्ष कशासाठी?

प्रिय ताई,

मी कर्वेनगरला राहते. यंदा बारावी झाले. सीईटीचे मार्क बरे आहेत, पुण्यातल्या एका चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेल असं दिसतंय. दुसरीकडे बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश मिळतोय. तिथे पहिल्या वर्षाच्या मार्कांवर बी.ई.ची शाखा मिळते आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या होतात. मधे इंटर्नशिपही असतात.

बाबा भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहेत. ते म्हणतात, 'एक ना धड भाराभर चिंध्या.' माझा आतेभाऊ चार वर्षांत कॉम्प्युटर करून हिंजवडीला लागला, त्याचं नाव रोज जेवताना निघतं. आई काहीच बोलत नाही, पण फीचा आकडा ऐकल्यापासून ती गप्प आहे.

नववीत असताना विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेले होते. त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आले. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मी गच्चीवर एक अँटेना आणि छोटा रेडिओ केलाय. आकाशवाणी पुणे छान लागतं, पण रोज संध्याकाळी सात वाजले की घरघर सुरू होते आणि ती कशाची ते मला अजून सापडलेलं नाही.

दोन पदव्यांचा खरंच उपयोग होतो का? इंटर्नशिपला वेळ मिळतो का? आणि हवी ती शाखा नाही मिळाली तर?

– दोन दगडांवर पाय ठेवलेली, कर्वेनगर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात कॉम्प्युटरबद्दल एक वाक्य आहे, आणि तेही मार्कांचं. खोडदची दुर्बीण आणि संध्याकाळची घरघर यांना मात्र तू चांगली चार-पाच वाक्यं दिली आहेस. पण तेवढ्यावरून 'जा गोव्याला' असं मी म्हणणार नाही, कारण पाच वर्षं तुझी आहेत आणि पैसे आईबाबांचे. आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

या योजनेत मुलं एम.एस्सी.च्या दारातून आत जातात आणि बी.ई.ची शाखा पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे गुणांच्या सरासरीवर ठरते. त्यामुळे बरीच मुलं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतात ती केवळ कॉम्प्युटरपर्यंत पोचायची शिडी म्हणून. पहिलं वर्ष एकेका मार्कासाठी झुरतात. ज्यांना हवं ते मिळतं, त्यांना पुढची चार वर्षं फिजिक्स म्हणजे पायातली बेडी वाटते. ज्यांना मिळत नाही, त्यांना दोन्ही पदव्या बेडी वाटतात. अशी मुलं मी मुलाखतींना बघितली आहेत. 'फिजिक्समधला कुठला विषय आवडला?' असं विचारलं की खाली बघतात. बुद्धीनं एक नंबर असतात, पण पाच वर्षं जी गोष्ट नाइलाजानं केली तिच्यावर बोलणार काय?

म्हणून आज रात्री एकटी बसून स्वतःला विचार. कॉम्प्युटर मिळालं नाही, इलेक्ट्रॉनिक्सही हुकलं, मेकॅनिकल किंवा केमिकल हातात पडलं, तरी मी फिजिक्ससाठी तिथे राहीन का? उत्तर 'नाही' आलं तर पुण्यातलं कॉम्प्युटर घे, मजेत घे, आणि मागे वळून बघू नकोस. त्यात कमीपणा काही नाही. उत्तर 'हो' आलं तर पुढचं वाच.

आता बाबांच्या म्हणीकडे येते. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दोन पदव्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून त्या आपोआप जोडल्या जात नाहीत. वेळापत्रकात सकाळी क्वांटम मेकॅनिक्स असतं, दुपारी सर्किट्स असतात, आणि दोन्ही शिकवणारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेली नसतात. सांधा तुलाच घालावा लागतो. तो घातला नाही तर पाच वर्षांनी हातात दोन कागद येतात आणि बाबांची म्हण खरी ठरते.

सांधा म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघितलेल्या एका गोष्टीवरून सांगते. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि पुढची ३१ वर्षं पिंपरीजवळच्या एका छोट्या कंपनीत मोजमापाची उपकरणं बनवण्यात काढली. आमच्याकडे एक चाचणीयंत्र होतं. धातूचा तुकडा त्यात धरायचा, ताणायचा, आणि किती जोर लागला ते वाचायचं. जोर मोजणाऱ्या सेन्सरमधून पूर्ण भाराला फक्त २० मिलिव्होल्ट बाहेर यायचे. एका उन्हाळ्यात त्या यंत्राचं वाचन रोज दुपारी तीननंतर सरकायला लागलं. भार काही नाही, तरी काटा जवळजवळ एक टक्का वर. सकाळी पुन्हा जागेवर. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बदलला, सेन्सर बदलला, पॉवर सप्लाय बदलला. फरक नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी सहा महिन्यांसाठी आली होती, अशाच पाच वर्षांच्या दुहेरी पदवीची. सगळे तिला 'पाचवर्षंवाली' म्हणायचे. तिनं काही बदललं नाही. वही आणि थर्मामीटर घेऊन ती यंत्राशेजारी बसली आणि चार दिवस दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहिले: वाचन, सेन्सरजवळचं तापमान, पॅनेलमधलं तापमान. मग आलेख काढला. वाचन ना सेन्सरच्या तापमानाबरोबर हलत होतं, ना पॅनेलच्या. ते हलत होतं दोन्हींतल्या फरकाबरोबर. पॅनेल पश्चिमेच्या खिडकीखाली होतं, तीननंतर त्याच्यावर ऊन यायचं आणि फरक पाच अंशांपर्यंत जायचा.

'दोन ठिकाणच्या तापमानातला फरक' म्हटल्यावर फिजिक्स शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एक घंटा वाजते. दोन वेगवेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला असले की त्यांच्यामध्ये थोडा विद्युतदाब तयार होतो. पण तारा तर सगळ्या तांब्याच्या. तिनं सेन्सरपासून पॅनेलपर्यंतची केबल हातानं चाचपत नेली. सेन्सरजवळ एका ठिकाणी टेप गुंडाळलेली होती. सोडून बघितलं तर कुणीतरी तुटलेली तार तिथपासून पार पॅनेलच्या आतपर्यंत ड्रॉवरमधल्या उरलेल्या तुकड्यानं जोडली होती, आणि तो तुकडा तापमान मोजायच्या थर्मोकपलच्या तारेचा होता. त्या तारेत कॉन्स्टंटन नावाचा मिश्रधातू असतो. तांबं आणि कॉन्स्टंटन यांच्यात दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. पाच अंशांचे २००. २० मिलिव्होल्टांतले २०० मायक्रोव्होल्ट म्हणजे बरोबर एक टक्का. हा हिशेब तिनं केबलवरच्या त्या टेपवर पेनानं लिहिला होता, मला अजून दिसतो.

मग तिनं तांब्याची नवीन अखंड तार ओढली, पॅनेल खिडकीपासून हलवायला लावलं आणि दुरुस्तीच्या ड्रॉवरमधल्या सगळ्या तारांना चिठ्ठ्या लावल्या. नुसतं फिजिक्स शिकलेल्या मुलानं कारण कदाचित शोधलं असतं, पण पॅनेल उघडायला तो बिचकला असता. नुसतं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी काय केलं ते वर सांगितलंच. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी मनापासून केलं. पण मोजायचं, विचार करायचा आणि मग स्वतःच्या हातानं सोडवायचं, हे तिन्ही एका माणसात असलं की काय होतं ते मी त्या आठवड्यात बघितलं. पाचव्या वर्षाची किंमत मला त्या टेपवर कळली.

आणि तुला माझी गोष्ट कशाला हवी? तू तीनदा खोडदला गेली आहेस. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत तिथे आणि आसपास. त्यांचा पृष्ठभाग आठव. पत्रा नाही, जाळी आहे, आणि तीही दोऱ्यांवर ताणलेली. रेडिओ लहरींची लांबी तिथे २१ सेंटीमीटर आणि त्याहून मोठी, म्हणून एक-दोन सेंटीमीटरच्या भोकांची जाळी त्या लहरीला आरशासारखीच वाटते. हे झालं फिजिक्स. जाळीतून वारा आरपार जातो, तबकडी हलकी होते, तिला पेलणारं लोखंड कमी लागतं, आणि मग आपल्या देशाला परवडेल अशा खर्चात अशा तीस उभ्या करता येतात. हे झालं इंजिनिअरिंग. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही विचार एकाच वेळी केले म्हणून नारायणगावजवळ ती दुर्बीण उभी आहे. पुढच्या वेळी गेलीस की तबकडीच्या खाली उभी राहून वर बघ. तुला जे शिकायचंय ते तिथे डोक्यावर ताणलेलं आहे.

आता वेळेचं. अवघड आहे, ते लपवत नाही. या योजनेत दुसऱ्या वर्षी मुख्यतः विज्ञानाचे विषय असतात. इंजिनिअरिंगचे मूळ विषय साधारण तिसऱ्या वर्षापासून, तेही आपल्याहून एक वर्ष मागच्या तुकडीबरोबर बसून. त्याचं काही मुलांना फार लागतं. तिसऱ्या वर्षात आतेभाऊ फोन करून म्हणेल, 'अजून तिथेच का तू?' आणि त्याच सुमारास तुझ्या आठवड्यात दोन्हीकडची प्रॅक्टिकल्स असतील. त्या वर्षी क्लब, महोत्सव, नाटक यांतली एखादीच गोष्ट ठेव, पण ती एक मात्र ठेव. सगळं सोडलेली मुलं पाचव्या वर्षापर्यंत करपून जातात.

इंटर्नशिपबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण सांधा बहुतेक तिथेच पडतो. बिट्समध्ये प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे तिथली इंटर्नशिप, अभ्यासक्रमातच आहे. एकदा उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि एकदा शेवटाकडे अख्खं सत्र, म्हणजे सुमारे साडेपाच महिने. तो पर्याय घेतलास की ते होईलच. पण मधल्या सुट्ट्या तुझ्या आहेत, आणि त्या कशा वापराव्यात याबद्दल माझी ठाम मतं आहेत.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात कुठलीही इंटर्नशिप शोधू नकोस. तुला तेव्हा काही येत नसतं, आणि ज्याला काही येत नाही त्याला 'व्हर्च्युअल इंटर्नशिप' विकणारे पुष्कळ आहेत. पैसे भरा, आठ व्हिडिओ बघा, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र घ्या. इंटर्नशिपसाठी कुणी तुझ्याकडे पैसे मागितले की तिथून नमस्कार करून निघायचं. त्याऐवजी त्या उन्हाळ्यात बाबांबरोबर भोसरीला जा. त्यांच्या कारखान्यात परवानगी मिळाली नाही तर त्यांच्या ओळखीचं एखादं लहान वर्कशॉप असेलच, एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत. महिनाभर रोज सकाळी. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात बसू दे. लेथवर एक साधी दंडगोल पिन कर, शंभरांश मिलिमीटरच्या मापात. पहिल्या दहा पिना टाकाऊ होतील. अकराव्या पिनेला तुला कळेल की पुस्तकातलं 'त्रुटी' प्रकरण नक्की कशाबद्दल आहे. हे शिकवणारा माणूस तुझ्या घरात जेवायला बसतो, आणि फिजिक्सच्या बहुतेक मुलांच्या नशिबी ते नसतं.

दुसऱ्या वर्षानंतर इंजिनिअरिंगचे विषय अजून सुरू व्हायचे असतात, म्हणून त्या वेळी कंपन्यांच्या मागे न लागता प्रयोगशाळेत जा. आणि त्यासाठी तुला पुण्याबाहेर जायलाही नको. एकट्या पाषाण रस्त्यावर बघ: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आणि आयसर ही विज्ञानशिक्षण-संशोधनाची संस्था. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, आणि तिथेच एनसीआरए, म्हणजे खोडदची दुर्बीण चालवणारी संस्था. आयुका आणि एनसीआरए या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम असतात. शिवाय तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून एक उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, दोन महिन्यांची. कुठल्या वर्षाच्या मुलांना घेतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा नियम नीट वाच. आणि हे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. एप्रिलमध्ये जागी होणारी मुलं दरवर्षी मला पत्र लिहितात आणि मला त्यांना 'पुढच्या वर्षी' म्हणावं लागतं. दिवाळीचा फराळ संपला की अर्जांकडे बघायचं, एवढं लक्षात ठेव.

कार्यक्रमात निवड झाली नाही तर एखाद्या शास्त्रज्ञाला थेट ईमेल लिहिता येते. पण दोनशे जणांना एकच मजकूर चिकटवून पाठवू नकोस, तो वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो. तीनच जण निवड. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाच. निम्मा कळणार नाही, चालेल. जे कळलं नाही त्यातलाच एक नेमका प्रश्न विचार आणि मग दोन ओळींत स्वतःबद्दल सांग. तुझ्या त्या घरघरीबद्दल लिही. 'मला संशोधनाची आवड आहे' या वाक्यापेक्षा ती घरघर दसपट बोलकी आहे.

कंपनीत जाशील तेव्हाही आधी बोलून घे. एक मुलगा मला भेटला होता, एका मोठ्या नावाच्या कंपनीत दोन महिने राहून आलेला. दोन महिने त्यानं कागदावरचे आकडे एक्सेलमध्ये भरले. घरी सगळे खूश होते, नावच तसं होतं. तो मात्र माझ्यासमोर रडला. म्हणून जाण्यापूर्वी विचारायचं की मी कुणाच्या हाताखाली असेन, रोज माझ्या हातात काय असेल, आणि मी केलेलं काम शेवटी कोण बघणार. तिन्हींची उत्तरं मोघम आली तर नाव कितीही मोठं असो, लहान कंपनी बघ. जिथे मालक स्वतः शॉप फ्लोअरवर फिरतो अशा वीस माणसांच्या कंपनीत दोन महिन्यांत जे हाताखालून जातं, ते मोठ्या कंपनीत दोन वर्षांतही जाईलच असं नाही. आणि वही ठेव. तारीख, काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं असं वाटतं. पाचवर्षंवालीची वही मी निवृत्त होईपर्यंत आमच्या कपाटात होती.

शेवटच्या वर्षात प्रबंध आणि प्रॅक्टिस स्कूल अशी दोन्ही कामं करायची संधी असते. दोन्ही एकाच प्रश्नाभोवती बसवता आली तर बसव. समजा प्रबंध अँटेनामधल्या गोंगाटावर असेल, तर सहा महिने अशा ठिकाणी काढ जिथे रिसीव्हर बनतात.

आता हे बाबांसाठी आणि आईसाठी, त्यांना वाचून दाखव.

दादा, तुमची काळजी रास्त आहे. पाचव्या वर्षाचा खर्च म्हणजे नुसती एका वर्षाची फी नव्हे. फी, होस्टेल, मेस, येणंजाणं, आणि शिवाय चार वर्षांत नोकरीला लागली असती तर त्या वर्षी जो पगार घरात आला असता तो. हे सगळं एका कागदावर लिहा. पहिल्या वर्षाच्या फीला पाचनं गुणून थांबू नका, फी वाढते हे धरून चाला. संस्थेत गुणवत्ता आणि घरची गरज बघून फीमाफी मिळते, तिचा अर्ज जरूर करा, पण ती मिळेलच असं धरून हिशेब मांडू नका. शैक्षणिक कर्ज काढावं लागलं तर हप्ता किती आणि कधीपासून, हे तुमच्या मुलीला आजच सांगा. अठरा वर्षांच्या मुलीला ते कळतं. वहिनी, तुम्ही गप्प आहात असं ती लिहिते. मुलं आईच्या गप्प बसण्याचे शंभर अर्थ लावतात आणि बहुतेक चुकीचे लावतात. आकडा डोईजड असेल तर तसं स्पष्ट म्हणा. घर गहाण टाकून करावी अशी ही गोष्ट नाही, असं माझं स्वच्छ मत आहे, कारण पुण्यात राहूनही तिला फिजिक्सपर्यंत जाता येतं.

कसं, ते सांगते. चार वर्षांचं इंजिनिअरिंग केल्यावर फिजिक्सचं दार बंद होत नाही. भौतिकशास्त्रातल्या पीएच.डी.साठी जेस्ट ही प्रवेशपरीक्षा असते, आणि आयुका-एनसीआरएची स्वतःची परीक्षा असते. त्यांना बी.ई., बी.टेक. झालेली मुलंही बसतात आणि निवडली जातात. पण त्यासाठी कॉम्प्युटरपेक्षा इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन जास्त कामाचं, आणि दर आठवड्याला ठरवून चार संध्याकाळी फिजिक्स स्वतः करावं लागेल, कुणी हजेरी घेणार नाही. कॉलेजात 'मायनर', म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीला दुसरा छोटा विषय, घेता येतं, पदवीच्या साधारण १६० श्रेयांकांवर आणखी १८ ते २०. बहुतेक ठिकाणी ते एआय किंवा डेटा सायन्सचं मिळतं, फिजिक्सचं क्वचित. प्रवेश घेण्याआधी विचारून ठेव.

२०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, त्यामुळे पुण्यात बी.ई. करता करता आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बी.एस. करणारी मुलं तुला भेटतील. त्यातली काही फार चांगलं करतात. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि डेटा सायन्स ही जोडी म्हणजे एकाच गावाला जाणाऱ्या दोन एसट्या. तुझा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आयसरचं नाव घेतलं म्हणून एक खुलासा. तिथली बी.एस.-एम.एस. पाच वर्षांची, पाचवं वर्ष संशोधनाचं, आणि शिकवतात उत्तम. पण पुण्याच्या आयसरमध्ये इंजिनिअरिंगची पदवी नाही आणि तिची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. ती दिली नसशील तर यंदा तो विचार सोड. परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलियात, इंजिनिअरिंग आणि विज्ञान अशी जोडपदवी चांगलीच रुळलेली आहे. साधारण पाच वर्षं लागतात आणि इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी उद्योगातला काही आठवड्यांचा अनुभव बहुधा सक्तीचा असतो. पण तिथला खर्च बघता तुमच्या घरी आज तो विषय काढण्यात अर्थ नाही. पुढे पीएच.डी.ला जाशील तेव्हा तेच पैसे देतील.

तर माझं मत. रात्रीच्या त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं आणि कागदावरचा आकडा घराला झेपला, तर गोव्याला जा. शाखा निवडताना इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंटेशन पहिल्या पसंतीला टाक. तुझ्या मैत्रिणी वेड्यात काढतील, कारण सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरवर असतात. प्रोग्रॅमिंग तू तसंही शिकशीलच, आज कुठलीही प्रयोगशाळा त्याशिवाय चालत नाही. खोडदच्या तबकड्यांतून येणारा सिग्नल अखेर कॉम्प्युटरमध्येच जातो. आकडा झेपला नाही तर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घे, आणि वर सांगितलेला लांबचा रस्ता धर. फिजिक्स मनापासून हवं असेल आणि घरखर्च आड येत असेल, तर हा रस्ता दुय्यम आहे असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. त्या रस्त्यानं गेलेली माणसं मी बघितली आहेत.

फक्त आतेभावाशी तुलना करायची नाही. तो त्याच्या कामात खूश असेल तर त्याचं कौतुक कर. त्याला तुझी घरघर ऐकूच येत नाही, इतकाच फरक.

आणि ती घरघर. रेडिओ सेलवर लाव, चार्जर काढून टाक. संध्याकाळी सात वाजता घरघर सुरू झाली की घरातल्यांना सांगून पाच मिनिटं मेन स्विच बंद कर. थांबली तर गुन्हेगार घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर, सेट टॉप बॉक्स असं लावत जा. माझा पहिला संशय एलईडी ट्यूबवर. त्यांच्या आतला सप्लाय सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि स्वस्तातल्या ट्यूबमध्ये तो गोंगाट अडवायला काही ठेवलेलं नसतं. मेन बंद करूनही घरघर राहिली तर रेडिओ हातात घेऊन जिन्यानं खाली उतरत जा आणि कुठे आवाज वाढतो ते बघ. सात वाजता सोसायटीचे जिन्यातले दिवे लागत असतील. प्रत्येक मजल्यावर काय ऐकू आलं ते वहीत लिही, आणि काय सापडलं ते मला कळव.